पॅरिशच्या वहीत पूर्वजाचा बाप्तिस्मा सापडत नाही? या क्रमाने शोधा

लक्षणं

१८५१ च्या जनगणनेत माणूस दिसतो, त्याच्या लग्नाची नोंदही मिळते. पण जन्मगाव म्हणून जे गाव लिहिलंय, तिथल्या चर्चच्या वहीत त्याचा बाप्तिस्मा नाही.

सगळी भावंडं ओळीने सापडतात, मधलंच एक गायब.

एकाच आईबापांची, एकाच नावाची दोन मुलं दिसतात, तीन-चार वर्षांच्या अंतराने.

आईबापांच्या लग्नाच्या आधीच मुलाचा बाप्तिस्मा झालेला दिसतो.

किंवा वंशवेल १७५० च्या आसपास येते आणि तिथून मागे सरकतच नाही.

मी इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्याच्या पूर्व टोकाला, ॲक्स नदीच्या खोऱ्यात राहते. सुनेचं माहेर इथलंच, शेतमजुरांचं जुनं घराणं. नातू झाला तेव्हा तिच्या आजीने घरातलं बायबल माझ्या हातात ठेवलं. आतल्या कोऱ्या पानावर चार पिढ्यांच्या जन्मतारखा होत्या, वरच्या दोन पिढ्यांची शाई तपकिरी पडलेली. आमच्या बाजूला कुलवृत्तांत होता, आता नातवाची दुसरी बाजूही तेवढ्याच नेटाने लिहून ठेवायची असं मी तेव्हा ठरवलं. पुढे गावच्या इतिहास मंडळात जायला लागले आणि वर दिलेल्या तक्रारी घेऊन येणारी माणसं दर महिन्याला भेटत गेली. त्यात इंग्लंडमध्ये स्थायिक झालेली मराठी घरंही आहेत, ज्यांची सून किंवा जावई इकडचा. दहातल्या आठ वेळा नोंद असते. आपण पाहत असतो ती जागा चुकीची असते, नाहीतर वर्ष चुकीचं असतं, नाहीतर आपण वही न पाहता वहीचा इंडेक्सच, म्हणजे नंतर कोणी उतरवलेली नावांची यादीच, पाहत असतो.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. जन्माची सरकारी नोंदणी इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ ला सुरू झाली. त्याआधीचा आधार म्हणजे पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाची, वही. ती ठेवायचा हुकूम आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेलने १५३८ साली काढला, आणि तिच्यात जन्म नाही तर बाप्तिस्मा लिहिला जायचा. मूल जन्मलं त्या आठवड्यात बाप्तिस्मा झाला असेल किंवा सहा वर्षांनी चार भावंडांचा एकदम झाला असेल. हे डोक्यात नसेल तर खालची एकही तपासणी नीट होणार नाही.

१. वय खरं धरू नका

याला पैसे लागत नाहीत आणि दहा मिनिटंही लागत नाहीत. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. म्हणजे तिथलं '३५' हे ३५ ते ३९ यांतलं काहीही असू शकतं. त्यातच बाप्तिस्मा उशिरा झालेला असला तर तुमची खिडकी आणखी रुंद होते. म्हणून एका वर्षावर बोट ठेवून शोधू नका, निदान दहा वर्षांचा पट्टा घ्या.

जन्मगाव पहिल्यांदा १८५१ मध्ये लिहिलं गेलं. १८४१ मध्ये फक्त 'याच परगण्यात जन्म का, होय की नाही' एवढंच. माणूस १८८१ पर्यंत जगला असेल तर चारही जनगणना काढा. मी असे लोक पाहिलेत की ज्यांनी चार वेळा तीन वेगळी गावं सांगितली आहेत. कधी वाढलेलं गाव सांगितलं, कधी जवळच्या बाजारपेठेचं. जे नाव एकदाच आलंय आणि सर्वांत लहान गावाचं आहे, ते आधी तपासा. मोठ्या गावाचं नाव सोयीपोटी सांगतात, वाडीचं नाव मात्र खरं असल्याशिवाय कोणी सांगत नाही असा माझा अनुभव आहे.

२. आडनाव कानाने वाचा

आईबापांना लिहिता येत नसे, पाद्री ऐकेल तसं लिहायचा. डेव्हनच्या बोलीत 'फ'चा 'व' होतो, 'स'चा 'झ' होतो, आणि शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' तर गळतोच. त्यामुळे हॅरिस हे ॲरिस म्हणून सापडतं, फेन हे व्हेन म्हणून. आडनाव मोठ्याने उच्चारा, मग ते इंग्रजीत किती प्रकारे लिहिता येईल ते कागदावर मांडा. संकेतस्थळावर शोधताना स्वरांच्या जागी तारका टाका.

दुसरी चूक नंतरची आहे, इंडेक्स करणाऱ्याची. अठराव्या शतकाच्या अक्षरात मोठा एल आणि एस, तसंच टी आणि एफ, फार सारखे दिसतात. सुनेच्या घराण्यातलं लेग हे आडनाव एका इंडेक्समध्ये 'सेग' होऊन बसलं होतं. आम्ही ते सात महिने शोधत होतो. शेवटी आडनाव रिकामं सोडलं, फक्त मुलाचं नाव, बापाचं नाव आणि पॅरिश टाकली, तेव्हा ते वर आलं. ही युक्ती सगळ्यात आधी करून पाहा. आडनाव चुकतं, पण बाप आणि आई ही नावांची जोडी सहसा शाबूत राहते.

जुन्या वह्यांत नावं लॅटिनमध्ये असतात. गुलिएल्मस म्हणजे विल्यम, जेकोबस म्हणजे जेम्स. आणि आडनावाच्या सुरुवातीला दोन छोटे एफ दिसले तर तो फक्त मोठा एफ समजायचा.

३. इंडेक्समध्ये ती वर्षं आहेत का?

'फॅमिलीसर्च' आणि 'फ्रीरेग' ही दोन्ही संकेतस्थळं फुकट आहेत. पण दोघांचाही संग्रह पूर्ण नाही. एखाद्या पॅरिशची १७५४ नंतरची लग्नं आहेत, बाप्तिस्मे १८१३ पासूनच आहेत, असं सर्रास असतं. संकेतस्थळावर पॅरिशनुसार व्याप्तीची यादी असते ती उघडा आणि तुमचं दशक आत आहे का ते बघा. नसेल तर 'काहीही सापडलं नाही' या उत्तराला अर्थ नाही, कारण तिथे शोधच झालेला नाही.

आमच्या भागातला एक मोठा सापळा सांगते. डेव्हनच्या वह्यांची छायाचित्रं 'फाइंडमायपास्ट'वर आहेत, डॉर्सेट आणि सॉमरसेटची 'ॲन्सेस्ट्री'वर. इथून तिन्ही परगण्यांच्या सीमा जवळ आहेत. एकाच ठिकाणी वर्गणी भरून बसलात तर शेजारचं गाव दिसतच नाही. वर्गणी भरण्याआधी सार्वजनिक वाचनालयात विचारा, बऱ्याच ठिकाणी तिथल्या संगणकावर ही संकेतस्थळं विनामूल्य बघता येतात.

४. वर्ष कधी बदलतं?

लग्नाआधी मूल दिसतंय, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर थोडा संकोच असतो. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्या जोडप्याचा काहीच दोष नसतो. १७५१ पर्यंत इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. आपल्याकडे गुढीपाडव्याला शक बदलतो, साधारण त्याच सुमाराला. म्हणजे वहीत एप्रिल १७२० आधी येतो आणि फेब्रुवारी १७२० त्याच्या दहा महिने नंतर. एप्रिल १७२० ला लग्न, फेब्रुवारी १७२० ला बाप्तिस्मा, सगळं यथासांग. आजच्या हिशेबाने तो बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२१ चा. टिपणात दोन्ही वर्षं तिरकी रेघ घालून लिहा, १७२०/२१ अशी, म्हणजे पुढे गोंधळ होत नाही. १७५२ मध्ये वर्ष १ जानेवारीला सुरू झालं, आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. मधल्या अकरा दिवसांत कोणाची नोंद दिसली तर ती उतरवणाऱ्याची चूक आहे.

५. आता वहीच उघडा

इथून पुढे बसून काम करावं लागतं. छायाचित्रं उघडायची आणि पान पान चाळायचं. १८१३ पासून छापील वही आली, बाप्तिस्म्याच्या एका पानावर आठ नोंदी. वर्षाला पंचवीस बाप्तिस्मे होणाऱ्या गावात वर्षाची तीन-चार पानं होतात, दहा वर्षांची तीस-पस्तीस. एका संध्याकाळचं काम आहे. इंडेक्सवर घालवलेल्या सात महिन्यांपेक्षा ही संध्याकाळ जास्त देते, हे मी शपथेवर सांगेन.

कारण वहीत इंडेक्सपेक्षा जास्त असतं. समासात लिहिलेलं असतं. 'घरी बाप्तिस्मा दिला, नंतर चर्चमध्ये स्वीकारलं' असं असतं. अशक्त बाळाला घाईने घरीच बाप्तिस्मा द्यायचे, जगलं तर महिन्यांनी चर्चमध्ये आणायचे, आणि कधी दुसरीच नोंद तेवढी उरते. छापील वहीत राहण्याच्या जागेचा रकाना असतो, तिथे वाडीचं किंवा शेताचं नाव मिळतं, बापाचा धंदा मिळतो. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर होता, गरिबांना माफी. त्या वर्षांत नावापुढे नुसतं 'पी' अक्षर दिसलं तर ते कुटुंब गरीब म्हणून करातून सुटलेलं. त्याच वर्षांत काहींनी बाप्तिस्माच लांबवला, म्हणून १७९४ नंतरची पानंही बघा.

१६४२ ते १६६० मध्ये मात्र कितीही चाळलंत तरी अनेक वह्यांत भोक आहे. यादवी युद्ध, हाकलून दिलेले पाद्री, नंतर नोंदी दुसऱ्याच माणसाकडे. तिथे तुमचं काही चुकलेलं नाही.

सापडलं? मग दफनाची वही बघितल्याशिवाय वंशवेलीत लिहू नका

ही तपासणी लोक टाळतात, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. मूल गेलं की तेच नाव पुढच्या मुलाला ठेवायची इथे पद्धत होती. लक्षणांत जी 'एकाच नावाची दोन मुलं' आली, ती म्हणजे हीच. आमच्या मंडळात एक गृहस्थ चार पिढ्यांची सुरेख वंशवेल घेऊन आले होते. ती ज्याच्यापासून मागे जात होती तो विल्यम, बाप्तिस्मा १७८७. दफनाच्या वहीत १७८८ च्या पानावर तोच विल्यम, बापाचं नाव तेच, पुढे एक शब्द: 'अर्भक'. खरा पूर्वज १७९० चा धाकटा विल्यम होता. त्यांच्या नशिबाने आईबाप तेच होते, म्हणून वरची वेल वाचली. पण ते मूल दुसऱ्या कुटुंबातलं असतं, तर वरच्या चारही पिढ्या परक्या ठरल्या असत्या.

म्हणून बाप्तिस्म्याच्या तारखेपासून पुढची निदान दहा वर्षं दफनं तपासा. १८१३ पूर्वी वय बहुधा लिहिलेलं नसतं, पण 'अमक्याचा मुलगा' असं लिहिलं असेल तर ते मूलच. त्या पानांवर एकाच आठवड्यात एकाच घरातली तीन नावं दिसतात, आणि थोडा वेळ पुढे जाववत नाही.

६. शेजारची पॅरिश

लग्न सहसा वधूच्या गावी लागायचं आणि पहिलं बाळ पुष्कळदा आजोळीच बाप्तिस्म्याला न्यायचे. बाळंतपणाला माहेरी जाणं आपल्याला समजावून सांगायला नको. म्हणून पहिलं मूल सापडत नसेल तर आधी आईचं लग्नाआधीचं गाव शोधा. मग नकाशावर गावाभोवती पाच मैलांचं वर्तुळ काढा आणि त्यातल्या प्रत्येक पॅरिशची वही बघा. माणसं पायी चालत होती, तेवढ्या अंतरात मजुरी शोधत होती.

वर्तुळ काढताना परगण्याची आजची सीमा विसरा. थॉर्नकूम १८४४ पर्यंत डेव्हनमध्ये होतं, आता डॉर्सेटमध्ये आहे. चार्डस्टॉक आणि हॉकचर्च उलटे, १८९६ पर्यंत डॉर्सेटचे. स्टॉकलँड आणि डॅलवुड ही डेव्हनच्या मधोमध पडलेली डॉर्सेटची बेटं होती. 'डेव्हन' एवढंच निवडून शोधलंत तर यातली काही गावं संगणक दाखवणारच नाही.

आणि वर्तुळ कधी फारच मोठं असतं. आमच्या गावच्या १८६१ च्या जनगणनेत लेस विणणाऱ्या एका बाईंच्या जन्मगावाच्या रकान्यात लिहिलंय: पूना, ईस्ट इंडीज. मी पुण्याची. ते वाचून मी खुर्चीवरून उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. बाप सैनिक होता. अशांचे बाप्तिस्मे इथल्या पॅरिशच्या वहीत सहसा मिळत नाहीत. मुंबई इलाख्यातल्या चर्चनोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जायच्या, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात एन/३ या मालिकेत, १७०९ पासूनच्या. बंगालची मालिका एन/१, मद्रासची एन/२. बाईंचा बाप्तिस्मा तिथे निघाला.

७. बिशपकडची प्रत

१५९८ पासून प्रत्येक पॅरिशने वर्षभराच्या नोंदींची नक्कल बिशपकडे पाठवायची होती. मूळ वही भिजली, उंदरांनी खाल्ली, पान फाटलं, तरी नक्कल उरलेली असू शकते. आमच्याकडच्या नकला एक्सेटरच्या डेव्हन हेरिटेज सेंटरमध्ये आहेत. मूळ वही धडधाकट असली तरी नक्कल बघा. उतरवताना पाद्रीने कधी नाव गाळलेलं असतं, तर कधी मुळात राहिलेला तपशील भरलेला असतो. जाण्याआधी वेळ ठरवून घ्या आणि पेन्सिल न्या, पेन आत नेऊ देत नाहीत.

८. चर्चमध्ये जातच नसतील तर?

डेव्हनचा हा कोपरा बंडखोर. १६८५ च्या जूनमध्ये ड्यूक ऑफ मन्मथ राजाविरुद्ध बंड करायला लाइम रीजिसला उतरला तेव्हा जवळच्या कोलिटन गावातली बरीच माणसं त्याच्या फौजेत सामील झाली. राजाच्या चर्चपासून फटकून राहणारी घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या होती. अशा पंथांच्या वह्या १८३७ नंतर सरकारने गोळा केल्या, त्या लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आर.जी. ४ या मालिकेत आहेत, त्यातल्या क्वेकर पंथाच्या आर.जी. ६ मध्ये. खूण अशी: लग्न आणि दफन पॅरिशच्या वहीत आहेत, पण बाप्तिस्मा एकाही मुलाचा नाही. १७५४ पासून क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना लग्न पॅरिशच्या चर्चमध्येच करावं लागायचं, म्हणून हा नमुना तयार होतो.

९. पॅरिशची पेटी

प्रत्येक चर्चमध्ये कागदांसाठी भक्कम लाकडी पेटी असायची, तीन कुलपांची. एक किल्ली पाद्रीकडे, दोन चर्चचा कारभार पाहणाऱ्या वॉर्डनांकडे. त्या पेटीतले कागद आता बहुतेक परगण्याच्या दप्तरखान्यात आहेत आणि शेतमजुरांच्या घराण्यासाठी तेच सोनं आहे. १६६२ च्या कायद्याने गरिबाला कोणत्या गावाने पोसायचं ते ठरवावं लागायचं. त्यासाठी दंडाधिकाऱ्यासमोर जबाब व्हायचा. 'मी ऐकलं आहे आणि मानतो त्याप्रमाणे माझा जन्म अमुक गावी झाला' अशी त्याची ठरलेली सुरुवात. मग कोणाकडे वर्षभर चाकरी केली, कुठे उमेदवारी केली, लग्न कोणाशी. खाली सहीऐवजी फुली. जन्मगाव, तेही माणसाच्या स्वतःच्या तोंडून! लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाच्या बापाकडून लिहून घेतलेले करारही तिथेच असतात, ज्यांच्यावर ते नाव मिळतं जे पाद्रीने वहीत लिहिलंच नाही.

मृत्युपत्रांच्या मागे मात्र डेव्हनमध्ये लागू नका. ती एक्सेटरला ठेवलेली होती आणि मे १९४२ च्या बाँबहल्ल्यात जळाली. १८१२ ते १८५७ मधल्या काहींच्या कर खात्याकडच्या नकला उरल्या आहेत, आणि श्रीमंतांची मृत्युपत्रं कँटरबरीच्या न्यायालयात गेली असतील तर क्यूला मिळतात. बस.

१०. सगळ्या गावातलं ते आडनाव

एकाच नावाचे दोन-तीन उमेदवार उरले तर आवडेल तो निवडू नका. त्या पॅरिशमधली त्या आडनावाची प्रत्येक नोंद, बाप्तिस्मा, लग्न, दफन, वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि टेबलावर कुटुंबं जुळवा. जो बालपणी गेला तो बाद, ज्याचं लग्न दुसरीशी झालं तो बाद. इतिहासकार टोनी रिग्ली यांनी १९६० च्या दशकात कोलिटनच्या १५३८ ते १८३७ च्या नोंदींवर अख्ख्या गावाची कुटुंबं अशीच उभी केली. आपल्याला एकाच आडनावापुरतं करायचंय, दोन-तीन रविवार लागतात.

कुठे थांबायचं आणि माणूस बोलवायचा

१७०० पूर्वीचं अक्षर तीन वेळा बसूनही लागत नसेल, तर थांबा. अंदाजाने वाचलेलं आडनाव संकेतस्थळावर चढवलंत की शंभर जण ते उतरवून घेतात. जमीनदारीची दप्तरं १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये आहेत, तीही जाणकाराकडेच द्या.

घरात जुनं चर्मपत्र किंवा वही निघाली तर उलगडू नका, इस्त्री नको, चिकटपट्टी तर नकोच. आहे तशी दप्तरखान्यात न्या.

वारसा, मालमत्ता, नागरिकत्व असं काही यावर अवलंबून असेल तर वंशवेल हा पुरावा नाही. प्रमाणित नक्कल घ्या आणि वकिलाला भेटा.

आणि दहाव्या तपासणीनंतरही दोन उमेदवार समान उरले, तर व्यावसायिक संशोधक. दप्तरखाने तासाच्या हिशेबाने शोध घेऊन देतात. अनुभवी संशोधकांची यादी एजीआरए या त्यांच्या संघटनेकडे मिळते. काम देताना प्रश्न एकच द्या: 'या दोघांतला कोण?' सोबत कुठल्या पॅरिशची कुठली वर्षं, वही की नक्कल की नुसता इंडेक्स, कधी पाहिलं आणि काय नाही सापडलं, याचा तक्ता जोडा. तो तक्ता नसेल तर पहिले चार तास तुम्ही आधीच केलेलं काम पुन्हा करण्यात जातील, आणि त्याचे पैसे तुम्हीच भराल.